अंतराळातल्या सौरवीज अँटेनाची टेस्टिंग कशी करायची : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी काही वर्षं अँटेना मोजायच्या कामात होतो. त्यामुळे अंतराळातून वीज आणायची बातमी आली की ओळखीचे लोक फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. गणित कमीत कमी ठेवलंय, पण थोडं आहे, इलाज नाही.

हे प्रकरण नक्की काय आहे, थोडक्यात सांगा ना

वर उपग्रहावर सोलर पॅनेल, तिथल्या विजेचे मायक्रोवेव्ह करायचे, एका मोठ्या अँटेनातून खाली सोडायचे आणि जमिनीवर रेक्टेनाने पकडून परत वीज करायची. रेक्टेना म्हणजे छोट्या अँटेना आणि डायोड यांचं शेतच समजा. कल्पना पीटर ग्लेसर यांची, १९६८ मध्ये 'सायन्स'मध्ये लेख आला, १९७३ ला पेटंट मिळालं. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मिळून एक नमुना डिझाइन केलं : ५ गिगावॉट वीज, भूस्थिर कक्षा (जिथे उपग्रह जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो), १ किलोमीटर व्यासाचा अँटेना, २.४५ गिगाहर्ट्झ, आणि खाली साधारण १० बाय १३ किलोमीटरचा लंबगोल रेक्टेना. जुनं आहे, पण याचे आकडे सगळ्यांना माहितीयत म्हणून मी खाली तेच वापरतोय. हल्ली बरेच जण ५.८ गिगाहर्ट्झ घेतात, जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

१ किलोमीटरचा अँटेना? एवढा मोठा कशाला?

टीव्हीवाल्या उपग्रहाला सांडलवंड परवडते. सिग्नल अख्ख्या देशावर पडतो आणि तुमची गच्चीवरची छत्री त्यातला कणभर उचलते, बाकी वाया गेला तरी कोणी रडत नाही. इथे सांडलं ते नुकसान, कारण आपण वीज विकतोय. आणि बीम जितका बारीक हवा तितका अँटेना रुंद लागतो. २.४५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.२ सेंटीमीटर, अंतर जवळजवळ ३६,००० किलोमीटर, अँटेना १ किलोमीटर, तर खाली पडणारा ठिपका साधारण १०.७ किलोमीटरचा होतो. अँटेना निम्मा केलात की ठिपका दुप्पट, म्हणजे जमीन चौपट लागणार.

मग तो एखाद्या चेंबरमध्ये ठेवून मोजायचा, त्यात काय एवढं?

चेंबर म्हणजे अ‍ॅनेकोइक चेंबर, ती निळ्याकाळ्या टोकदार फोमची खोली जिथे लहरी भिंतीवरून परत येत नाहीत. एक तर १ किलोमीटर आत मावेल अशी खोली कुठेच नाही, पण ते सोडा, खरी अडचण अंतराची आहे. अँटेनाचा खरा पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती पॉवर जाते त्याचा नकाशा, तयार व्हायला अंतर लागतं, त्याला फार-फील्ड म्हणतात आणि हिशोब असा : व्यासाचा वर्ग, दुप्पट करा, तरंगलांबीने भागा. घरच्या ६० सेंटीमीटरच्या छत्रीलाच १२ गिगाहर्ट्झला साधारण २९ मीटर लागतात. आता १ किलोमीटर घाला : २.४५ गिगाहर्ट्झला येतात १६,३०० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या व्यासापेक्षा जास्त, जमिनीवर दुसरं टोक उरतच नाही.

५.८ गिगाहर्ट्झला तर गंमतच आहे. तिथे उत्तर येतं ३८,७०० किलोमीटर आणि भूस्थिर कक्षा आहे ३५,८०० वर. म्हणजे वर नेऊन लावला तरी खालची जमीन त्या अँटेनाच्या निअर-फील्डमध्ये, म्हणजे फार-फील्डच्या अलीकडेच! पुस्तकातला फार-फील्ड पॅटर्न या अँटेनाला वापरात असताना कधी दिसणारच नाही. हे मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा शून्य चुकलं असं वाटून परत केलं होतं.

शिवाय तो हिशोब 'चालेल' इतपतच असतो, त्या अंतरावरसुद्धा अँटेनाच्या कडेला २२.५ अंश फेजची (लहर तालात किती पुढेमागे आहे ते, पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश) चूक राहतेच. मेन बीमला चालतं, पण बारीक साइडलोब, म्हणजे मेन बीमच्या बाजूला सांडणारे छोटे बीम, नीट बघायचे असतील तर अजून लांब जावं लागतं.

निअर-फील्ड स्कॅनिंग नावाचं काहीतरी असतं ना?

असतं, आणि हेच आजचं मुख्य हत्यार आहे. अँटेनाच्या अगदी समोर एक छोटा प्रोब (मोजणारा अँटेना) फिरवायचा, दर अर्ध्या तरंगलांबीला थांबून (खरं तर न थांबता, चालता चालता) अ‍ॅम्प्लिट्यूड (लहरीची उंची) आणि फेज घ्यायची आणि मग गणिताने लांबचा पॅटर्न काढायचा. अमेरिकेच्या बोल्डर गावातल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे आताच्या निस्टमध्ये, याचा पाया घातला गेला. तिथल्या अ‍ॅलन न्यूवेल यांनी १९८८ मध्ये चुका कुठून कुठून येतात त्याची पद्धतशीर मांडणी केली, तिला सगळे अठरा कलमी यादी म्हणूनच ओळखतात. प्रोबची जागा हलली, स्कॅन कडेला कापलं गेलं, प्रोब आणि अँटेना यांच्यात लहर उड्या मारत राहिली, रिसीव्हर सरळ रेषेत चालला नाही, खोलीच्या भिंतीने थोडं परत पाठवलं, वगैरे. या कामात नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी हीच यादी हातात द्यावी असं माझं मत आहे.

आता १ किलोमीटरला हे लावून बघा. ५.८ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी २.६ सेंटीमीटर. एका बाजूला ३८ हजारांवर पॉइंट, एकूण दीडशे कोटी. सेकंदाला हजार पॉइंट घेतले तरी सतरा दिवस, आणि त्या वेगाने प्रोब ताशी ९४ किलोमीटरने पळायला हवा, एक्सप्रेसवेवरच्या गाडीसारखा, आणि पळताना अर्धा मिलिमीटरही पुढेमागे डुलायचं नाही. सतरा दिवस तापमानही तेच ठेवायचं. कोणीतरी करेल बनवून असं म्हणणारे भेटतात, मी वाद घालत नाही.

पण वर्षानुवर्षं मोठ्या डिश मोजतातच की. आपल्या नारायणगावच्या जीएमआरटीचं काय?

चांगला प्रश्न. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, खोडदला आणि आजूबाजूला मिळून ४५ मीटरच्या ३० डिश आहेत. २१ सेंटीमीटरच्या लहरीला एकेका डिशचं फार-फील्ड १९ किलोमीटरवर सुरू होतं. तिथे उंचावर ट्रान्समीटर घेऊन कोण उभं राहणार? म्हणून रेडिओ खगोलवाले आकाशातलाच ट्रान्समीटर वापरतात : कॅसिओपिया ए, सिग्नस ए असे तेजस्वी स्रोत, जे कायम फार-फील्डमध्येच असतात आणि लायसन्सही मागत नाहीत. एक डिश स्रोतावर स्थिर ठेवायची, दुसरी त्याच्या आजूबाजूला डोलवायची, दोघींचे सिग्नल जुळवले की दुसऱ्या डिशच्या पृष्ठभागाचा नकाशाच निघतो, याला होलोग्राफी म्हणतात.

मग हेच इथे का नाही? कारण तिथे डिश ऐकते आणि इथे अँटेना ओरडतो. ऐकायचा आणि ओरडायचा पॅटर्न सारखा असतो हे साध्या अँटेनाला खरं, पण मध्ये पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आला की ती सरळ वाट एकेरी होते. अ‍ॅम्प्लिफायर गरम झाला की त्याची फेज सरकते, जास्त जोर लावला की परत सरकते. तारा बघून हे कळणार नाही.

मग तुकडे तुकडे मोजून बेरीज केली तर?

शेवटी सगळे तिथेच येतात. नमुना डिझाइनमध्येही अँटेनाचे साधारण १०.४ मीटर चौरसाचे ७,२२० तुकडे होते. असा एक तुकडा २.४५ गिगाहर्ट्झला पावणेदोन किलोमीटरवर मोजता येतो, दोन टेकड्या मिळाल्या की झालं. निअर-फील्ड स्कॅनरवरही बसतो. क्योटो विद्यापीठाच्या उजी कॅम्पसमध्ये खास या कामासाठीच चेंबर आणि स्कॅनर बांधलेत.

पण बेरीज करताना फसगत होते. पहिलं, एकटा तुकडा आणि शेजाऱ्यांमध्ये बसलेला तुकडा हे दोन वेगळे प्राणी आहेत. कडेच्या एलिमेंटला, म्हणजे तुकड्यातल्या एकेका छोट्या अँटेनाला, शेजारी नसला की त्याचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) बदलतो, पॅटर्न बदलतो. त्यामुळे तुकडा मोजताना भोवती डमी तुकडे लावावे लागतात, आणि किती लावले की पुरे यावर लोकांची भांडणं होतात. दुसरं, सगळ्या तुकड्यांना एकच घड्याळ, म्हणजे एकच फेज रेफरन्स द्यावा लागतो, आणि तो १ किलोमीटरवर पसरवणारी केबल किंवा फायबर ही तुकडा टेस्ट करताना समोर नसतेच. म्हणजे जी गोष्ट सगळ्यात जास्त बिघडणार तीच टेस्टच्या बाहेर.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. चुका विखुरलेल्या असतील तर वाया गेलेली पॉवर सगळीकडे धुक्यासारखी पसरते. पण सगळे तुकडे एकाच साच्यातून आले आणि प्रत्येकात तीच चूक असेल, म्हणजे समजा प्रत्येक पॅनेल थोडं एकाच बाजूला कललंय, तर ती पॉवर ठराविक दिशांना गोळा होते. १०.४ मीटरच्या तुकड्यांना हे ग्रेटिंग लोब जमिनीवर साधारण ४२० किलोमीटरवर पडतात. रेक्टेना मुंबईजवळ धरला तर एक पणजीच्या आसपास. एका तुकड्याच्या टेस्टमध्ये ही चूक दिसतच नाही, ती पास होऊन जाते, कारण एकट्यात ती खूपच लहान असते. म्हणून माझं स्पष्ट मत, शंभर तुकडे मोजून सरासरी चांगली आली हे सांगू नका, त्या शंभरांत सारखी चूक कोणती ते दाखवा.

पॉइंट एक डीबीने असा काय फरक पडतो? आम्ही तर तीन डीबीलाही घाबरत नाही

तुम्ही वायफायवाले दिसता. डीबी हे पॉवरच्या पटीचं माप, तीन डीबी म्हणजे साधारण निम्मी किंवा दुप्पट. ०.१ डीबी म्हणजे २.३ टक्के. ५ गिगावॉटवर ते ११४ मेगावॉट. आणि ०.१५ डीबी चुकलात की १७० मेगावॉट, म्हणजे तारापूरच्या जुन्या १६० मेगावॉटच्या एका युनिटहून जास्त वीज कागदावर आहे पण तारेत नाही. आता बाजारात मिळणारा स्टँडर्ड गेन हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखा अँटेना, ज्याच्याशी तुलना करून आपण गेन (अँटेना एका दिशेला पॉवर किती पट गोळा करतो ते) काढतो, त्याच्याच आकड्यात पाव डीबीच्या आसपास चूक असू शकते. पाव डीबी म्हणजे ६ टक्के, ३०० मेगावॉट. फूटपट्टीच एवढी जाड!

फेजचंही तसंच. सगळ्या अँटेनावर मिळून सरासरी १० अंश चूक झाली तर ३ टक्के पॉवर मेन बीममधून निघून जाते, १५० मेगावॉट. १० अंश म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झला ३.४ मिलिमीटर, १ किलोमीटर रुंदीवर. ५.८ ला तर एकेका मिलिमीटरला ७ अंश जातात.

एकेक एलिमेंट बरोबर चालतंय हे कसं बघतात, लाखो असतात ना?

जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकमधल्या मानो आणि कातागी यांनी १९८२ मध्ये एक फार चलाख पद्धत दिली, तिला रेव्ह म्हणतात. बाकी सगळी एलिमेंट गप्प ठेवायची नाहीत, चालूच ठेवायची, फक्त एकाची फेज ० ते ३६० फिरवायची आणि समोर एकूण पॉवर बघायची. पॉवर लाटेसारखी वरखाली होते, तिची उंची आणि शिखर कुठे आहे यावरून त्या एलिमेंटची अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फेज निघते. फेज मोजायचं यंत्रच नको, साधा पॉवर मीटर पुरे.

गोम अशी की १० हजार एलिमेंट असतील तर एकाने फिरून एकूण पॉवर फक्त ०.०४ टक्क्याने हलते, डीबीत ०.००१७. तेवढ्यात ढग आला, अ‍ॅम्प्लिफायर जरा तापला, संपलं. म्हणून गटागटाने फिरवतात, हुशारीने कोड लावून एकदम अनेक फिरवतात, पण मूळ दुखणं जात नाही : अँटेना जितका मोठा, तितका एकाचा आवाज गर्दीत हरवतो.

तापमानाचा त्रास खरंच एवढा असतो?

एक किस्सा सांगतो. एका चेंबरमध्ये (नाव नको) आमची सकाळची आणि दुपारची रीडिंग जुळेनात. आधी अँटेनाला शिव्या, मग सॉफ्टवेअरला, मग मोजणाऱ्या पोराला. तीन आठवड्यांनी कळलं की रात्री कोणीतरी एसी बंद करून जायचं आणि दोष केबलचा होता. चांगल्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन असतं आणि ते १९-२० अंशाच्या आसपास आतून रचना बदलतं, तिथे केबलची फेज एकदम सरकते. आणि आपण चेंबर बरोब्बर २० ला ठेवतो, कारण माणसांना ते बरं वाटतं! तेव्हापासून मी आधी थर्मामीटर बघतो, मग नेटवर्क अ‍ॅनालायझर.

अंतराळात तर उन्हात आणि सावलीत शे-दोनशे अंशांचा फरक सहज पडतो. १० मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुळईवजा भाग ५० अंशाने साडेअकरा मिलिमीटर वाढतो. म्हणून कार्बन फायबर वापरतात, तेही शहाण्यासारखं वागतंच असं नाही.

आणि गुरुत्वाकर्षण विसरू नका. अंतराळासाठी केलेली हलकी, घडीची चौकट जमिनीवर स्वतःच्या वजनानेच वाकते. तिला दोऱ्यांनी, फुग्यांनी, तरंगत्या आधाराने पेलून मोजतात, पण मग तुम्ही अँटेना मोजताय की दोऱ्या, हे प्रामाणिकपणे विचारावं लागतं.

फुल पॉवरवर टेस्ट का करत नाहीत?

करायची असते, पण चेंबरचा फोम कार्बन भरलेला असतो आणि लहर पिऊन गरम होतो, जास्त पॉवर सोडली तर पेटतोच. हाय पॉवरचे वेगळे अ‍ॅब्झॉर्बर मिळतात, महाग असतात. उघड्यावर करायचं तर परवानगी, विमानं, शेजारी, सगळं आलं. त्यात २.४५ आणि ५.८ हे वायफाय-ओव्हनवाले बँड, म्हणजे मोजायला बसलात की शेजारच्या कँटीनचा मायक्रोवेव्हपण तुमच्या डेटात हजर.

व्हॅक्यूमचं वेगळंच. हवेत मस्त चाललेला भाग निर्वातात मल्टिपॅक्शनने मरू शकतो, दोन धातूंच्या मध्ये इलेक्ट्रॉन लहरीच्या तालावर आपटत आपटत वाढत जातात. ते बघायला व्हॅक्यूम चेंबर हवा, पॅटर्न बघायला अ‍ॅनेकोइक हवा, तापमानाला थर्मल हवा. तिन्ही एकत्र, तेही मोठं, क्वचितच मिळतं. मग वेगवेगळं मोजून जोडायचं, म्हणजे परत बेरीज.

आजवर प्रत्यक्षात कोणी काय मोजलंय?

१९७५ मध्ये गोल्डस्टोनला जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने २६ मीटरच्या डिशमधून दीड किलोमीटरवर बीम टाकून ३० किलोवॉटच्या वर डीसी काढली, विल्यम ब्राउन यांच्या रेक्टेनाने. पडलेल्या लहरीतली ८० टक्क्यांहून जास्त वीज झाली. हा आकडा लोक फार फिरवतात, पण तो 'रेक्टेनावर जे पडलं त्यातलं' आहे. बीमचा मोठा भाग रेक्टेनाच्या बाहेरच गेला होता. कुठलाही एफिशियन्सीचा आकडा दिसला की कुठून कुठपर्यंत ते आधी विचारा, अर्धे वाद तिथेच मिटतात.

२०१५ ला जपानमध्ये १.८ किलोवॉट ५५ मीटरवर, ५.८ गिगाहर्ट्झला, बीमचा नेम नीट साधून पाठवले. त्याच सुमारास मित्सुबिशी हेवीने १० किलोवॉट ५०० मीटरवर पाठवले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबने मेरीलँडमधल्या ब्लॉसम पॉइंटला १ किलोमीटरवर १.६ किलोवॉट मिळवल्याचं जाहीर केलं. आणि २०२३ मध्ये कॅलटेकच्या मेपल प्रयोगाने कक्षेत फूटभर अंतरावर एलईडी लावले आणि पॅसाडिनात त्यांच्याच इमारतीच्या गच्चीवर बीम पकडला. ताकद नगण्य होती, पण फ्रिक्वेन्सी आणि डॉप्लर सरकणं अपेक्षेप्रमाणे होतं, म्हणून तो सिग्नल आपलाच हे छातीठोक सांगता आलं. मला यात वीज किती मिळाली यापेक्षा हे जास्त भारी वाटतं.

बीम भरकटून गावावर आला तर? हे टेस्ट करता येतं का?

बीमच्या मध्यभागी चौरस मीटरला २३० वॉट, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या पाव हिश्श्याहून कमी. रेक्टेनाच्या कडेला १० वॉट, जी सामान्य लोकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेइतकी आहे. आता बीमचा नेम कसा साधतात : रेक्टेनाच्या मधून एक पायलट सिग्नल वर जातो, प्रत्येक तुकडा तो ऐकतो आणि उलट्या फेजने उत्तर देतो, त्यामुळे बीम आपोआप पायलटकडेच वळतो. पायलट गेला की तुकड्यांचं सूत तुटतं आणि पॉवर हजारो पटीने पातळ होते, नमुना डिझाइनमध्ये चौरस मीटरला साधारण ०.०३ वॉट.

ही गोष्ट लहान प्रमाणावर छान टेस्ट होते आणि व्हायलाच हवी. पण एक सांगतो, हीच युक्ती टेस्टरला गंडवते. पायलटमुळे चौकट वाकली तरी बीम सरळ राहतो, त्यामुळे सगळं छान दिसतं. मात्र ऐकायच्या वाटेत आणि ओरडायच्या वाटेत जो फरक आहे तो पायलटला कळत नाही, तो तसाच बीममध्ये उतरतो. तो फरक वेगळा मोजायला लागतो, तेही गरम अ‍ॅम्प्लिफायरवर.

जवळच फोकस करून चालणार नाही का?

काही प्रमाणात चालतं. एलिमेंटच्या फेज वाकवून बीम जवळच्या अंतरावर गोळा केला तर तिथला पॅटर्न लांबच्यासारखा दिसतो. मधल्या भागाला ठीक, बाजूला वळवलं की बिघडतं. लॅबमधला शॉर्टकट म्हणून मला आवडतो, सर्टिफिकेटवर सही करायला नाही.

मग पूर्ण अँटेना पहिल्यांदा कधी मोजला जाणार?

वर गेल्यावर, चालू असताना. दूरसंचार उपग्रह कक्षेत गेले की त्यांना थोडं थोडं वळवून जमिनीवरून पॅटर्न मोजतात, आपल्या इस्रोचे उपग्रहही हासनमधून असे तपासले जातात. किलोमीटरचं धूड वळवता येणार नाही, त्याऐवजी बीमच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जरासा सरकवायचा आणि खाली रेक्टेनाच्या प्रत्येक पॅनेलचा करंट नोंदवायचा. बघा, दहा किलोमीटरभर ठरावीक अंतरावर लावलेले प्रोब, तेही न हलणारे. जो स्कॅनर बांधणं अशक्य होतं तो रेक्टेनाच्या नावाखाली बांधून झालेला असतो. फेज मात्र त्यातून थेट मिळत नाही, तिथे रेव्ह परत उपयोगी पडते.

फक्त रेक्टेनाच्या कुंपणाबाहेर काय पडतंय ते त्याला दिसणार नाही. तिथे ड्रोन उडवायचे, आणि चारशे किलोमीटरवरच्या त्या ग्रेटिंग लोबसाठी कोणीतरी जीपमध्ये हॉर्न आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर टाकून गावोगाव फिरायचं.